अ‍ॅम्बेसेडर दणकट होती, मान्य. पण डिझाईन म्हणाल तर फियाटच

सदरवाला
परवा हिवाळी अधिवेशनाच्या जुन्या फोटोंवर गप्पा चालू होत्या, विधानभवनाबाहेर पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरची लाईन, मागच्या काचेला पडदे, टपावर लाल दिवे, आणि तिथे एका भाऊने ठोकून दिलं की युद्धानंतरच्या फॅमिली गाड्यांमधे अ‍ॅम्बेसेडरच्या तोडीचं इंजिनियरिंग झालंच नाही, फियाट तिच्यापुढे खेळणं. तिथे गप्प बसलो. इथे बोलतो.

फियाट ११०० जिनिव्हाच्या शोमधे १९५३ ला आली. डिझाईन दान्ते जाकोसाच्या हाताखालचं, म्हणजे ज्या माणसाने फियाटच्याच टोपोलिनो, ६०० आणि नंतरची छोटी ५०० या गाड्या केल्या तोच. आधीच्या ११०० ला वेगळी चेसिस होती, हिला ती काढूनच टाकली, बॉडी हाच सांगाडा. पुढे विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) आणि कॉईल स्प्रिंग, मागे साधे पाटे. इंजिन १०८९ सीसी, सुरवातीला ३६ हॉर्सपॉवर. ऐकायला काहीच नाही, पण त्या इंजिनला ओढायचं किती होतं ते पहा न. पद्मिनीचं (हीच ११०० आपल्याकडे नंतर या नावाने विकली) वजन ८९५ किलोच्या आसपास, अ‍ॅम्बेसेडर ११०० च्या वर. म्हणजे दोनशेच्यावर किलो लोखंड रोज उगाच फिरवायचं, त्याचं पेट्रोल वेगळं, ब्रेक वेगळे, टायर वेगळे. लांबी चार मीटरच्या आत, रुंदी १.४६ मीटर, आणि तरी त्यात चार दारं, डिक्की, आणि आईबाप अधिक तीन पोरं. नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत वळवून दाखवा अ‍ॅम्बेसेडर, मग बोलू. चांगलं डिझाईन मी त्याला म्हणतो जे कमीत कमी माल वापरून काम भागवतं. पत्रा जाड आहे म्हणून गाडी चांगली हे म्हणजे पुस्तक वजनावर विकत घेणं झालं.

अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत टिकली ती सरकार घेत होतं आणि टॅक्सीवाले घेत होते म्हणून. इंजिनियरिंगमुळे नाही. बोला आता.

टॉर्शनबार
बोलतो. कारण तुम्ही वजन आणि रुंदी सोडून गाडीखाली वाकून पाहिलेलंच दिसत नाही.

अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, १९५६ ची. तिलाही वेगळी चेसिस नाही, तीही युनिट बॉडीच आहे, त्यामुळे तो पॉईंट बरोबरीत सुटला. आता स्टेअरिंग पहा. ऑक्सफर्डला रॅक अँड पिनियन आहे, म्हणजे स्टेअरिंगच्या टोकाचं छोटं दातेरी चाक थेट दातेरी पट्टी सरकवतं. १९५० च्या दशकात, फॅमिली गाडीला! फियाटला वर्मवाला (स्क्रूसारख्या आट्यांचा) स्टेअरिंग बॉक्स, मग त्याच्यापुढे आर्म, मग आयडलर, मग तीन तुकड्यांचा रॉड, प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई जमा होत जाते आणि शेवटी चार बोटं स्टेअरिंग फिरवलं तरी चाक आपल्याच तंद्रीत. आज मारुतीपासून मर्सिडीजपर्यंत सगळ्यांना रॅक आहे, वर्म कुठे गेला? मग काळाच्या पुढे कोण होतं?

दुसरं, पुढचं सस्पेन्शन. खालच्या आर्मपासून एक लांब पोलादी दांडा गाडीच्या लांबीत मागे जातो आणि त्याचं मागचं टोक बॉडीखालच्या आडव्या मेंबरला पक्कं असतं. चाक वर गेलं की दांडा पिळतो, हाच स्प्रिंग. कॉईलसारखी उभी जागा खात नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खड्ड्याचा हादरा बोनेटजवळच्या पत्र्यात न जाता मागे, गाडीच्या मधे, जिथे बॉडी सगळ्यात मजबूत आहे तिथे जातो. पुढून गाडी बसली तर दांडा मागच्या टोकाला एक दोन खाचा सरकवून बसवला की उंची परत आली, नवीन स्प्रिंग घ्यायची गरज नाही. मॉरिस मायनरच्या घराण्यातली ही युक्ती आहे आणि मायनर कोणाची होती ते सांगायला नको, अ‍ॅलेक इसिगोनिस. जाकोसाचं नाव घेता तसं हेही घ्या.

चाकं १५ इंची, फियाटला १४. वर्धा रोड आज सिमेंटचा आहे म्हणून फरक वाटत नसेल.

सदरवाला
रॅक मान्य. रॅक चांगलाच. पण त्या रॅकला एवढं वजन फिरवावं लागत होतं की उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवणं म्हणजे व्यायामशाळा, हे विसरलात. आणि मायनरची युक्ती मायनरमधे शोभत होती कारण मायनर हलकी होती.

इतवारी_ऑटो
काय बे तुम्ही लोकं, कागद वाचून गाड्या चालवून राहिले. नागपूरचा मे महिना कोणी हिशोबात धरून राहिलं का? २०१३ मधे ४७.९ गेलं होतं इथं. त्या उन्हात कोणाचं इंजिन टिकते हे पाहा, मग इंजिनियरिंग सांगा.

फियाटचं ब्लॉक लोखंडाचं अन् हेड (इंजिनचं वरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅम्बेसेडरचं दोन्ही लोखंडाचं. अ‍ॅल्युमिनियम तापलं की लोखंडापेक्षा दुप्पट पसरते. जोपर्यंत पाणी भरून आहे तोपर्यंत काही होत नाही, गाडी मस्त चालते, हलकी चालते. पण पाणी कमी झालं, फॅनबेल्ट सुटला, थर्मोस्टॅट अडकला, अन् ड्रायव्हरनं काट्याकडे पाहिलं नाही, की हेड वाकते अन् गॅस्केट जाते. मग हेड काढा, फेस करायले टाका, परत बसवा. लोखंडी हेड त्याच गलतीले पुष्कळ वेळा माफ करते. म्हणून टॅक्सीवाला, शेतकरी, ठेकेदार अ‍ॅम्बेसेडर घ्याचा. त्याले काही जाकोसा माहीत नव्हता.

बाकी पेट्रोल पंपाची गोष्ट तर दोघींची सारखीच. इंजिनलाच चिपकून डायफ्रामचा पंप, खालून गरम, वरून गरम, आत पेट्रोलची वाफ, अन् वाफ काही तो पंप ढकलू शकत नाही. कोंढाळीच्या अलीकडे बोनेट उघडून पंपावर ओला फडका टाकलेल्या गाड्या दोन्ही कंपनीच्या राहत.

धंतोलीची_लेक
मी मेकॅनिकलची आहे म्हणून आधी आकडे. सदरवाला काका ३६ हॉर्सपॉवर म्हणतात १०८९ सीसीला. ऑक्सफर्डचं बी सिरीज इंजिन १४८९ सीसी, त्याचे त्याच काळात ५० च्या आसपास. भागाकार करा, दोन्ही लिटरला ३३ च्या आसपास येतात. म्हणजे इटालियन इंजिन चपळ आणि इंग्रजी इंजिन मठ्ठ ही जी समजूत आहे तिला आकड्यात आधार नाही. फरक आहे तो स्ट्रोकमधे, म्हणजे पिस्टन वरखाली किती सरकतो त्यात. सिलिंडरचा व्यास बाय स्ट्रोक धरला तर फियाट ६८ बाय ७५ मिलीमीटर, बी सिरीज ७३ बाय ८८.९. लांब स्ट्रोक म्हणजे ४००० आरपीएमला अ‍ॅम्बेसेडरचा पिस्टन सेकंदाला जवळपास १२ मीटर पळतोय आणि फियाटचा १०. म्हणून फियाट वर फिरवली तरी कुरकुरत नाही आणि अ‍ॅम्बेसेडर खालच्या आरपीएमला, टॉप गियरमधे, पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन चढ चढते. दोन वेगळ्या सवयी आहेत. एक चांगली एक वाईट असं नाही. आणि दोघींना क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आधार देणारी मेन बेअरिंग तीनच, त्यामुळे दोघींनाही फार जोरात हाकायचं नाही.

आणि "काळाच्या पुढे" वाल्यांसाठी, फियाटच्या इंजिनचं ६८ बाय ७५ हे माप १९३७ च्या ५०८ सी पासूनचं आहे. युद्धाच्या आधीचं. बॉडी नवी, इंजिन जुनं. बी सिरीजचं मूळ १९४७ च्या ऑस्टिन ए ४० मधे आहे. त्या हिशोबाने अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन तरुण निघालं, काका.

आता एक गोष्ट जी इथे कोणत्याच भाऊने काढली नाही. फॅमिली गाडी म्हणून राहिले न सगळे? मग फॅमिली त्यात चढायची कशी? अ‍ॅम्बेसेडर १.६ मीटर उंच आहे. नऊवारीतली आजी गुडघे न मोडता, डोकं न वाकवता, सरळ मागे सरकून बसते. सीट खुर्चीच्या उंचीची. हे आपोआप झालेलं नाही, पन्नासच्या दशकातल्या इंग्लंडमधे लोक टोपी घालून गाडीत बसायचे, त्यांच्यासाठी ठेवलेली उंची आपल्या आज्यांच्या कामी आली. फियाटमधे मागे तिघी बसल्या की मधलीचे खांदे पुढे. रुंदीत जवळपास २० सेंटीमीटरचा फरक आहे, तो मधल्या माणसाला विचारा.

आणि डुक्कर फियाट. पहिल्या ११०० च्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला होती, दार उलटं उघडायचं. चढायला उतरायला झकास, पण चालत्या गाडीत लॅच सुटला तर वारा दार बंद करायच्या ऐवजी उघडून टाकणार. पुढे डिलाईट नावाच्या मॉडेलच्या बॉडीत ती सरळ झाली. चूक होती म्हणूनच बदलली न.

पुण्याहून_बदली
नागपुरात बसून फियाटवर मत देणं म्हणजे कमाल आहे. फियाट खऱ्या अर्थाने मुंबईची गाडी. मुंबईच्या जुन्या काळ्यापिवळ्या आठवा, जवळपास सगळ्या पद्मिनी होत्या. दिवसभर क्लच ब्रेक क्लच ब्रेक, दमट हवा, वीस वीस वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला ऑक्टोबर २००३ मधे रजिस्टर झाली आणि ऑक्टोबर २०२३ मधे वयोमर्यादेने रस्त्यावरून गेली, नादुरुस्त म्हणून नाही. ही नाजूक गाडी म्हणे.

इतवारी_ऑटो
भाऊ मुंबईत ३४ डिग्री राहते. इथं या मे मधे, मग बोला. चहा माह्याकडून.

सदरवाला
आता जरा नीट उत्तर देतो कारण तिघा चौघांनी मिळून घेरलंय.

ताई, आकडे बरोबर आहेत पण तुम्ही लिटरमागे हॉर्सपॉवर काढली, किलोमागे नाही. गाडी लिटर ओढत नाही, किलो ओढते. आणि फक्त पॉवर कशाला, ब्रेक घ्या. दोघींना चारही ड्रम. हलकी गाडी त्याच ड्रमवर लवकर थांबते आणि ड्रम कमी तापतो. सातपुड्यातून खाली उतरताना, छिंदवाड्याकडून सावनेरला येताना, मागून ड्रमचा वास कोणत्या गाडीला आधी येईल? वजन हा एकच आकडा असा आहे की तो कमी केला की बाकी सगळं आपोआप सुधारतं, आणि जाकोसाने आयुष्यभर तेच केलं. १९३७ चं इंजिन वापरलं हा मला दोष वाटतच नाही. चांगलं चालणारं, कारखान्याला तोंडपाठ झालेलं इंजिन नव्या हलक्या बॉडीत घातलं. पैसा आणि डोकं जिथे फायदा जास्त तिथे लावलं. यालाच डिझाईन म्हणतात हो.

इतवारी भाऊ, अ‍ॅल्युमिनियम हेडचं तुम्ही सांगितलं ते खरं पण अर्धंच. अ‍ॅल्युमिनियम हेड ठेवतात कशाला? वजन कमी, आणि उष्णता लवकर वाहून नेते, त्यामुळे चेंबरमधे एकाच जागी तापून ठोके मारायचं प्रमाण कमी. आपल्याकडे जे कमी ऑक्टेनचं पेट्रोल यायचं त्यात हे महत्त्वाचं. आज तुमच्या गॅरेजात येणारी प्रत्येक नवी गाडी अ‍ॅल्युमिनियम हेडची आहे की नाही? मग रॅक भविष्यातला म्हणून त्याचे मार्क अ‍ॅम्बेसेडरला, तर हेड भविष्यातलं म्हणून त्याचे फियाटला द्या. पाणी न तपासणाऱ्या ड्रायव्हरचे मार्क डिझायनरचे कशाला कापता.

उंचीचं मान्य आहे. माझ्या आजीलाही अ‍ॅम्बेसेडरच आवडायची. पण आजीला शेजाऱ्यांनी पाहावं म्हणूनही आवडायची, ते इंजिनियरिंगमधे धरायचं का ते तुम्हीच ठरवा.

टॉर्शनबार
"वजन कमी केलं की सगळं सुधारतं" हे डांबरी रस्त्यावर. कच्च्या रस्त्यावर पत्र्याला दर फुटाला मार बसतो आणि युनिट बॉडीत चेसिस नसल्यामुळे तो मार पत्र्याच्या सांध्यांनीच झेलायचा असतो. जिथे झेलायला माल कमी तिथे वेल्डिंग आधी सुटणार. इंग्रजांनी ऑक्सफर्ड वसाहतींच्या रस्त्यांवर विकायची हे डोक्यात ठेवून जाड बनवली असा माझा अंदाज आहे, पण कारण काहीही असो, गोंदिया गडचिरोलीकडे त्याचा फायदा दिसायचा. धान्याचं पोतं डिक्कीत, टपाच्या कॅरियरवर ट्रंका, आत सात जण, आणि गाडी मागून थोडी बसून चालली आहे. फियाटमधे हे करून पाहिलं असतं तर मागचे पाटे उलटे झाले असते.

आणि व्यायामशाळा वगैरे ठीक आहे, पण स्टेअरिंग चाक मोठं का होतं? तेवढ्यासाठीच. गाडी चालायला लागली की जडपणा जातो. ढिलाई मात्र चालत्या गाडीत वाढते.

निवृत्त_बाबू
मी सरकारी खात्यात होतो, कोणत्या ते सोडा. सरकार घेत होतं म्हणून टिकली, हे वाक्य फार सैल आहे. सरकार का घेत होतं ते पण सांगा. साहेब मागे बसणार, सोबत फायली, पुढच्या बाकड्यावर ड्रायव्हर, शिपाई आणि वेळ पडली तर तिसरा. पुढची सीट बाकड्यासारखी आणि गियर स्टेअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे मधे पाय ठेवायला जागा. हे फियाटलाही होतं पण रुंदी नव्हती. दौरा म्हणजे दोन तीन दिवस, मेळघाटात धारणीपर्यंत. जीपमधे अंग मोडून निघायचं, त्या मानाने अ‍ॅम्बेसेडरची मागची सीट म्हणजे घरचा सोफा.

आणि डिझेल. १९८० च्या आसपास डिझेलची अ‍ॅम्बेसेडर आली, तेच १४८९ सीसी. आवाज ट्रॅक्टरचा, पळायची कासवासारखी, पण डिझेल स्वस्त होतं. खात्यात कोणीच तक्रार केली नाही. पद्मिनीला डिझेल फार उशिरा मिळालं, तोपर्यंत लोक दुसरीकडे गेले होते.

स्टेअरिंगवरच्या गियरबद्दल कोणी बोलत नाही याचं नवल वाटतं. तिथून खाली गियरबॉक्सपर्यंत दांडे आणि बुश. बुश झिजले की दोन गियर एकदम अडकायचे, आणि मग बोनेट उघडून हाताने आर्म सरकवायचा. दोन्ही गाड्यांत. हे डिझाईन फक्त बाकड्याच्या सीटसाठी केलेलं, पुढे तीन माणसं बसावी म्हणून. तेवढ्या एका माणसाच्या जागेपायी आम्ही किती वेळा चौकात हॉर्न ऐकले ते आम्हालाच माहीत.

पुण्याहून_बदली
काका हा मुद्दा भारी काढला. आणि पहिल्या गियरला सिन्क्रो (गियरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा. आजच्या पोरांना तो शब्द माहीत नाही.

धंतोलीची_लेक
मला वाटतं आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवून राहिलो. १९५३ आणि १९५६ ला कागदावर कोण चांगलं होतं, हा एक. आणि १९८५ ला नागपूरच्या माणसाला वर्षानुवर्षं नंबर लावून काय मिळत होतं, हा दुसरा. पहिल्यात तुम्ही भांडत राहा, मला मजा येते. दुसऱ्यात मात्र दोघीही नापास, आणि याचा दोष जाकोसा किंवा ऑक्सफर्डवाल्यांना देता येत नाही.

पहा न, त्या लोकांनी स्वतः काय केलं. इसिगोनिसने १९५९ ला मिनी आणली, इंजिन आडवं, पुढच्या चाकांना पॉवर, १९६२ ला त्याच पद्धतीची मोठी मॉरिस ११०० (फियाटची नाही). जाकोसाने १९६९ ला फियाट १२८ आणली, तीही आडवं इंजिन पुढची चाकं, कॅमशाफ्ट वर हेडमधे, आणि गियरबॉक्स इंजिनच्या शेजारी रांगेत ठेवून एक दांडा लांब एक आखूड अशी मांडणी, जी आज बहुतेक छोट्या गाड्यांत आहे. १२८ आली तेव्हा इटलीत ११०० चा निरोप झाला. म्हणजे ज्याने ती बनवली त्यानेच १६ वर्षांत ती मोडीत काढली. आपल्याकडे तीच ११०० आधी डिलाईट, मग प्रेसिडेंट, मग १९७४ च्या सुमारास पद्मिनी नावाने एकविसावं शतक उजाडेपर्यंत चालली. आणि अ‍ॅम्बेसेडरचं म्हणाल तर भारतात तिला सुरवातीला १४७६ सीसीचं साईड वाल्व्ह (वाल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, जुनी पद्धत) इंजिन मिळालं, जे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डने आधीच सोडलं होतं. ओव्हरहेड वाल्व्हचं (वाल्व्ह वर हेडमधे) इंजिन इथे १९५९ ला. म्हणजे आपली सुरवातच एक पिढी मागून झाली. त्यानंतर मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर, पण बदलली काय, तर ग्रिल, दिवे, डॅशबोर्ड. खरा बदल १९९२ ला, १८१७ सीसी इसुझू इंजिन आणि पाच गियर, आणि त्या इंजिनसोबत तीच जुनी बॉडी अचानक पळायला लागली. म्हणजे बॉडीत दम होता! तीस वर्षं आधी का नाही केलं? कारण करायची गरज नव्हती. गिऱ्हाईक कुठे जाणार होतं? डिसेंबर १९८३ ला मारुती आली आणि मग सगळ्यांना एकदम इंजिनियरिंग आठवलं.

म्हणून मला "आपली अ‍ॅम्बेसेडर", "आपली फियाट" याचा अभिमान फार वाटत नाही. चांगली डिझाईन होती ती दोन्ही. ती तुरिनची (फियाटचं गाव) आणि काउलीची (इंग्लंडमधला मॉरिसचा कारखाना). आपण फक्त ती गोठवली.

इतवारी_ऑटो
ताई एवढं पण नका म्हणू. गोठवली म्हणूनच तर मोर भवनपासून ते कामठीपर्यंत कोणत्याही पोट्ट्याले ती दुरुस्त करता याची. १९६५ चा पार्ट १९९५ ले बसे. आता नवीन गाडीचा एक सेन्सर गेला की गाडी उभी अन् मालक फोनवर. एकच मॉडेल तीस चाळीस वर्षं चालणं हे वापरणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर वाईट नाही.

टॉर्शनबार
+१. आणि हेच मी म्हणतो, दुरुस्तीला सोपी असणं हाही डिझाईनचाच भाग. बोनेट उघडा, अ‍ॅम्बेसेडरमधे इंजिनच्या बाजूला माणूस उभा राहील एवढी जागा आहे.

सदरवाला
ती जागा म्हणजे वाया घालवलेली जागा. तीच तर माझी तक्रार आहे!! ताईंनी मिनीचं उदाहरण दिलं, इसिगोनिसनेच नंतर काय दाखवलं, की इंजिनने कमीत कमी जागा खायची आणि माणसांनी जास्तीत जास्त. मग लांब बोनेटमधे हवा भरून ठेवलेल्या गाडीला त्याच्या नावाने कौतुक कसलं?

आणि ताई, १६ वर्षांत मोडीत काढली हे बरोबर, पण ज्या गाडीला काहीही न करता मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी २०२३ पर्यंत पळवलं तिचं मूळ गणित किती पक्कं असेल ते पण बघा. कंपनीने लक्ष दिलं नाही हा आरोप मी तुमच्याबरोबर करतो. पण लक्ष न देताही उभी राहिली कोण?

धंतोलीची_लेक
दोन्ही. म्हणून तर म्हणतेय.

फुटाळा_पोट्टा
भाऊ लोकं वाद मस्त चाललाय, पण मले एक सांगा. मावशीच्या ओळखीत इथेच प्रतापनगरकडे दोन गाड्या विकायला आहेत, एक १९७४ ची फियाट, कागदावर प्रेसिडेंट, आणि एक १९९१ ची अ‍ॅम्बेसेडर नोव्हा. दोन्ही चालू. रोज नाही चालवायची, रविवारी फुटाळ्यावर आणि कधी रामटेक. कोणती घेऊ? कमाई नवीन नवीन आहे, हात आखडून.

सदरवाला
प्रेसिडेंट, डोळे झाकून. ५० वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणजे २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज रजिस्ट्रेशन होऊ शकतं, व्हीए सिरीजचा नंबर, दहा वर्षं चालतो. फी नव्याला २०,००० आहे ते मनात ठेव. पण विंटेज केल्यावर ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठीच, त्यामुळे रविवारचा फुटाळा त्यात बसवायचा तर साध्या रिन्यूअलचं आरटीओत आधी विचार. नोव्हाला अजून बराच वेळ आहे.

टॉर्शनबार
नोव्हा घे. पार्ट मिळतात, बसायला सात जण येतात, आणि पुढून बसलेली असली तर दांड्याची खाच सरकवून घे. फक्त रॅकच्या दोन्ही टोकांचे रबर फाटलेले नाहीत ना ते बघ, फाटले असले तर आत धूळ गेली आणि रॅक गेला.

इतवारी_ऑटो
कोणतीही घे पण पैसे द्यायच्या आधी गाडी जॅकवर चढव. दारांच्या खालचा पत्रा, जिथं पाय ठेवून चढतो न तिथला, त्याले स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहा. दोघींनाही चेसिस नाही, तो पत्राच चेसिस आहे. रंग मारून आत पुट्टी भरलेली असते लोकांनी. मॅट उचल, फरशी पाहा. मग जॅकवर असतानाच चारी दारं उघडून बंद कर. दार घासलं, लागलं नाही, की समज बॉडी वाकते, सोडून दे ती गाडी, मग फियाट राहो का अ‍ॅम्बेसेडर. इंजिन काय, बोअरिंग करून देऊ.

फुटाळा_पोट्टा
मॅटखाली कोणत्याच गाडीच्या पाहिलं नाही अजून. शनिवारी जातो. जॅक कोणाकडे आहे का?

निवृत्त_बाबू
माझ्याकडे आहे. अ‍ॅम्बेसेडरचाच आहे, फियाटखाली जाणार नाही बहुतेक.

सदरवाला
पाहा! जॅकसुद्धा अवजड.